बुरशी म्हणून नोंदले जाणार होते ते दंडाणू: लघवीच्या दोन नमुन्यांचे प्रकरण

पार्श्वभूमी

कापूस वेचणीच्या दिवसांत, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एका गावचे साठीच्या घरातले शेतकरी मराठवाड्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झाले. मधुमेह जुना होता, प्रोस्टेट वाढलेली होती, लघवी अडल्यामुळे तालुक्याच्या गावी कॅथेटर बसवलेला होता आणि काही दिवसांपासून थंडी वाजून ताप येत होता. दाखल होताना रक्तदाब उतरणीला लागला होता व क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातील घटक) वाढलेले होते. सोबतच्या चिठ्ठीवर आधीच्या उपचारांविषयी ‘अँटिबायोटिक इंजेक्शन दिले’ एवढेच लिहिले होते. कोणते, किती आणि केव्हा, याचा पत्ता नव्हता.

वॉर्डने जुना कॅथेटर काढून नवा बसवला आणि नव्यातून लघवीचा नमुना घेतला. हे काम चोख झाले, कारण जुन्या नळीच्या आतून जिवाणूंचा थर साचलेला असतो आणि तिच्यातून घेतलेला नमुना मूत्राशयापेक्षा नळीचीच हकिकत जास्त सांगतो. नमुना संध्याकाळी सूक्ष्मजीवशास्त्र विभागात पोहोचला. ग्रॅम रंजनाच्या, म्हणजे जिवाणूंना जांभळे किंवा गुलाबी रंगवून ओळखण्याच्या पद्धतीच्या, स्लाइडवर पूयपेशींचा खच होता आणि त्यांच्यामधून गुलाबी रंगाचे लांब, नागमोडी तंतू गेलेले होते. काही तंतू पूयपेशीच्या चार-पाच पट लांब होते. नेहमीच्या लांबीचे दंडाणू, म्हणजे दांडीच्या आकाराचे जिवाणू, शोधावे लागत होते, पण होते.

अडचण

ड्यूटीवरील निवासी डॉक्टरांनी प्राथमिक नोंदवहीत ‘बुरशीचे तंतू दिसतात’ असे लिहिले. या नोंदीला वेडगळ म्हणता येणार नाही. मधुमेह, कॅथेटर आणि आधी दिलेली प्रतिजैविके या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की लघवीत कॅन्डिडा ही बुरशी सापडणे हा रोजचा अनुभव आहे. वॉर्डमध्येही तोच अंदाज होता आणि फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू करण्याची तयारी झाली होती. फक्त विभागाच्या रिपोर्टची वाट पाहिली जात होती.

चुकीचा रिपोर्ट गेला असता तर काय बिघडले असते, हे आधी सांगितले पाहिजे. हे गृहस्थ आदल्या दिवसापर्यंत साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडच्या गोळ्या घेत होते. फ्लुकोनॅझोलमुळे ग्लिमेपिराइडचा यकृतातील निचरा मंदावतो, आणि मूत्रपिंडे आधीच थकलेली असताना साखर एकाएकी खाली जाण्याचा धोका वाढतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की बुरशी सापडली म्हटल्यावर जिवाणूंकडे पाहण्याची निकड संपते, आणि रक्तदाब उतरत असलेल्या रुग्णाच्या बाबतीत काही तासांचीही ढिलाई परवडत नाही.

रिपोर्ट सोडण्यापूर्वी स्लाइड दुसऱ्यांदा पाहिली गेली, तेव्हा दोन गोष्टी खटकल्या. पहिली रंगाची: कॅन्डिडा जांभळा रंग धरून ठेवतो, हे तंतू मात्र गुलाबी होते. रंग जास्त धुतला गेला असेल तर कॅन्डिडाही गुलाबी दिसू शकतो, म्हणून एकट्या रंगावर निकाल देता येत नव्हता. दुसरी गोष्ट रुंदीची, आणि माझ्या मते ती अधिक वजनदार होती. तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रुंदीचे होते, आणि ती रुंदी शेजारी पडलेल्या आखूड दंडाणूंच्या रुंदीएवढीच, म्हणजे एका मायक्रोमीटरच्या आसपास होती. कॅन्डिडाचे तंतू याच्या कितीतरी जाड असतात, त्यांना जागोजागी आवळल्यासारख्या खाचा असतात आणि बाजूला कळ्या फुटलेल्या दिसतात. इथे खाच नव्हती, कळी नव्हती.

लांबी सुटली आहे पण रुंदी जागच्या जागी आहे, या निरीक्षणाचा अर्थ लावायचा तर दंडाकृती जिवाणू आपला आकार कसा राखतो ते पाहावे लागते. म्हणून प्रकरण थोडे बाजूला ठेवतो.

दंडाणूचा आकार कशावर उभा आहे

मूत्रसंसर्गात नेहमी सापडणाऱ्या ई. कोलाय या दंडाणूची पेशी साधारण दोन मायक्रोमीटर लांब आणि एक मायक्रोमीटरपेक्षा थोडी कमी रुंद असते. तिच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त दाब असतो, आणि तो दाब पेशीभित्तिकेतील पेप्टिडोग्लायकनची जाळी पेलते. साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे जोडणारे पेप्टाइडचे दुवे अशी ती जाळी असते. वायडेल आणि पेल्झर यांनी १९६४ मध्ये या जाळीचे वर्णन संपूर्ण पेशीला वेढणारा एकच पिशवीसारखा महारेणू असे केले. बाकी सगळे धुऊन टाकले तरी ही रिकामी पिशवी दांडीच्याच आकाराची राहते. आकार जाळीत आहे हे त्यावरून कळते. पण पेशी दर वीस-तीस मिनिटांनी दुप्पट होत असताना, जाळी सतत कापली आणि जोडली जात असताना तो बिघडत का नाही, हे त्यावरून कळत नाही.

दाबाखालच्या दंडगोलाची एक अडचण असते. त्याच्या भिंतीवर परिघाच्या दिशेने येणारा ताण लांबीच्या दिशेने येणाऱ्या ताणाच्या दुप्पट असतो. शेतातल्या ठिबकच्या नळीत दाब वाढला की तिला चीर जाते ती उभी, लांबीच्या दिशेने, ती याच कारणाने. दंडाणूनेही जाळी वाटेल त्या दिशेने विणली तर तो हळूहळू फुगून गोळा होईल. म्हणून साखळ्या मुख्यतः परिघाच्या दिशेने घातल्या जातात, ई. कोलायच्या जाळीची अशी मांडणी २००८ मध्ये गोठवलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन टोमोग्राफीतून दिसली.

ही दिशा एमआरईबी हे प्रथिन सांभाळते. ते आपल्या स्नायूंतील ॲक्टिनचे दूरचे नातलग असून हे नाते २००१ मध्ये त्याच्या स्फटिकरचनेवरून पक्के झाले. सुरुवातीला वाटले की एमआरईबी पेशीभर एखाद्या मळसूत्रासारखे पसरून सांगाडा बनवते. २०११ मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की तसे अखंड मळसूत्र नसते. एमआरईबीचे छोटे-छोटे तुकडे पेशीच्या परिघाभोवती फिरत असतात, आणि त्यांना फिरवते ती भिंत बांधण्याची क्रियाच. बांधकाम औषधाने थांबवले की तुकडेही थांबतात. हे तुकडे स्वतः किंचित वाकलेले असतात आणि पेशीपटलाला जिथे सर्वांत जास्त बाक आहे त्या दिशेला, म्हणजे परिघाकडे, आपोआप वळतात. आधीच दांडी असलेली पेशी म्हणून दांडीच राहते. बांधणाऱ्या जोडीचे नाव आरओडीए आणि पीबीपी-२ (पीबीपी म्हणजे पेनिसिलिन ज्यांना चिकटते ती भिंत बांधणारी प्रथिने); पहिले प्रथिन साखळी तयार करते, दुसरे ती जाळीत गुंतवते. याखेरीज पीबीपी-१ए आणि पीबीपी-१बी ही प्रथिने दिशेचा फारसा विचार न करता जाळीत भर घालत असतात. बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या दंडाणूवर २०१९ मध्ये झालेल्या कामातून दिसले की पेशीची रुंदी या दोन बांधकामांच्या प्रमाणावर ठरते: दिशा धरून चालणारे वाढले तर पेशी बारीक होते, दुसरे वाढले तर रुंद.

विभाजनाचे काम वेगळी टोळी करते. एफटीएसझेड या प्रथिनाचे कडे पेशीच्या मध्यावर तयार होते आणि तिथे आडवी भिंत घालण्याची जबाबदारी पीबीपी-३ वर असते. लांबी वाढवणारी आणि दुभागणारी अशा या दोन यंत्रणा वेगळ्या आहेत हे ब्रायन स्प्रॅट यांनी १९७५ मध्ये पेनिसिलिनच्या कुळातील औषधे वापरूनच दाखवले. पीबीपी-३ अडवणारे औषध दिले की पेशी दुभंगत नाही पण लांबत राहते, आणि तंतू होतो. पीबीपी-२ अडवणारे मेसिलिनॅम दिले की पेशी लांबणे सोडून गोल होते.

सगळेच दंडाणू असे चालत नाहीत, हे जाता जाता नोंदवले पाहिजे. त्याच प्रयोगशाळेत रोज झील-नील्सनच्या स्लाइडवर दिसणारा क्षयाचा जिवाणू एमआरईबीशिवाय दांडी राहतो, कारण तो बाजूंनी न वाढता टोकांनी वाढतो. पुढचे विवेचन ई. कोलाय व तिच्या जवळच्या नातलगांपुरते समजावे.

समोरचे पर्याय

त्या संध्याकाळी तीन वाटा होत्या. बुरशीची नोंद तशीच सोडायची. नमुना दूषित ठरवून दुसरा मागवायचा. किंवा तंतू हे रूप बदललेले जिवाणू आहेत असे धरून तासाभरात ते तपासायचे आणि तोवर वॉर्डला फोनवर ‘बुरशी नक्की नाही’ एवढे सांगून ठेवायचे. दुसरी वाट वरकरणी सावध वाटते, पण कॅथेटर नुकताच बदलला होता, नमुना ताजा होता आणि पूयपेशी भरपूर होत्या. दूषित म्हणण्यास आधार नव्हता आणि वेळ तेवढा गेला असता. तिसरी वाट निवडली गेली.

तपासणी साधी होती. लघवीच्या गाळाचा एक थेंब १० टक्के केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) घेतला. बुरशीची भिंत या क्षारात टिकते. ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे ग्रॅम रंजनात गुलाबी दिसणारे, जिवाणू फुटून जातात. तंतू गेले. त्याच वेळी गाळाचा थोडा भाग प्रतिजैविक नसलेल्या ताज्या ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवण्याच्या द्रवात) ३७ अंशांवर ठेवला आणि अधूनमधून त्याचा थेंब काचेवर घेऊन पाहिला. दोनेक तासांत काही तंतूंवर खाचा पडलेल्या दिसल्या, बहुतेक टोकांच्या बाजूने, आणि एका तंतूच्या टोकाचा दांडीएवढा तुकडा सुटून बाजूला गेला. औषधाचा अडसर निघाल्यावर थांबलेले विभाजन पुन्हा सुरू झाले होते. ज्यांनी मूळ नोंद केली त्याच निवासी डॉक्टरांनी हे पाहिले, त्यामुळे वाद मिटवायला दुसऱ्या कुणाची गरज उरली नाही.

आता प्रश्न औषधाचा होता. रुग्णाच्या मुलाला बोलावून विचारले, तेव्हा तो म्हणाला, “कोन्तं इंजेक्शन ते ठाव न्हाई सर, पर पावडरीची बाटली हुती, पानी घालून लई येळ हालवायचे.” पावडरीच्या बाटलीवरून अर्धी प्रतिजैविके तशीच शिल्लक राहतात. पण त्याच्या फोनमध्ये मेडिकलच्या बिलाचा फोटो निघाला आणि त्यावर पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम असे स्पष्ट होते. शेवटची बाटली त्याच सकाळची. पिपरासिलिन पीबीपी-३ ला प्राधान्याने धरते. स्लाइडवरचे चित्र आणि बिल एकमेकांशी जुळले.

तंतू होण्याचे आणखी एक कारण असू शकते, तेही विचारात घेतले गेले. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधांनी डीएनएला इजा झाली की पेशी एसओएस प्रतिसाद, म्हणजे डीएनए-दुरुस्तीची तातडीची यंत्रणा, सुरू करते आणि सुलए हे प्रथिन एफटीएसझेडचे कडे बनू देत नाही. स्लाइडवरून ही दोन कारणे वेगळी काढता येत नाहीत. बिल मिळाले नसते तर ‘विभाजन थांबले आहे’ यापलीकडे काही म्हणता आले नसते.

काय केले

फोनवर कळवले ते असे: ग्रॅम-निगेटिव्ह दंडाणू, प्रतिजैविकाच्या परिणामाने तंतुरूप झालेले, बुरशी आढळली नाही. फ्लुकोनॅझोल थांबले. पिपरासिलिनवर असूनही ताप व रक्तदाब सुधारत नव्हता आणि जिवाणू जिवंत राहून लांबत होते, हे पाहून वैद्यकीय पथकाने मेरोपेनेम हे दुसरे प्रतिजैविक सुरू केले व मूत्रपिंडांच्या स्थितीनुसार मात्रा ठरवली. हा निर्णय त्यांचा होता. विभागाने त्यासाठी आकाराची माहिती पुरवली.

वॉर्डचा एक आग्रह मात्र मानला गेला नाही. वेळ वाचावा म्हणून लघवीतूनच थेट संवेदनशीलता चाचणी (कोणते औषध चालते ते पाहणारी) लावावी असे त्यांचे म्हणणे होते. या चाचणीत जिवाणूंचे द्रावण मॅकफारलंड ०.५ या गढूळपणाला आणतात, कारण त्या गढूळपणाला मिलिलिटरमागे साधारण दीड कोटीच्या दहापट, म्हणजे १५ कोटी जिवाणू असतात असे गृहीत आहे. तंतूंच्या बाबतीत हे गृहीतक कोसळते. एका तंतूत दहा-वीस पेशींचा ऐवज असतो, तो गढूळपणाही तेवढाच देतो, पण प्लेटवर वसाहत एकच उमटवतो. बी विरळ पडले की औषधाच्या डिस्कभोवतीचे, जिवाणू न वाढलेले वर्तुळ खोटे मोठे दिसते. म्हणून वसाहती येईपर्यंत थांबायचे ठरले; प्रतिजैविक नसलेल्या माध्यमावर रात्रभर वाढलेले जिवाणू तोवर दांडीवर परत आलेले असतात.

हाच हिशेब दुसऱ्या दिवशी उलट बाजूने समोर आला. मॅकॉन्की या वाढीच्या माध्यमावर गुलाबी वसाहती आल्या, सगळ्या एकसारख्या, ई. कोलायच्या, पण १ मायक्रोलिटरच्या लूपने पसरवलेल्या प्लेटवर त्या जेमतेम दहा-बारा होत्या. म्हणजे मिलिलिटरला दहा हजारांच्या आसपास, नेहमीच्या एक लाखाच्या उंबरठ्याखाली. नियमावर बोट ठेवले असते तर ‘वाढ लक्षणीय नाही’ असा रिपोर्ट गेला असता. स्लाइड ज्यांनी पाहिली होती त्यांना ही संख्या कमी का आली ते ठाऊक होते: काही जिवाणू औषधाने मेले होते आणि उरलेल्यांतील बरेच तंतूंमध्ये एकत्र मोजले गेले होते. वाढ लक्षणीय धरली गेली.

दुसरा नमुना

मेरोपेनेम सुरू झाल्यावर दुसऱ्या सकाळी आलेल्या लघवीत तंतू जवळजवळ नव्हते. त्याऐवजी तीन-चार मायक्रोमीटरचे फिकट गुलाबी गोळे होते, आणि नोंदवहीवर वेगळ्या व्यक्तीच्या अक्षरात पुन्हा ‘यीस्ट?’ असे उमटले. आदल्या दिवशीची चर्चा पुढच्या पाळीपर्यंत पोहोचली नव्हती.

गोळ्यांकडे नीट पाहिल्यावर काहींना दांडीचे थोटूक चिकटलेले दिसले, जणू दांडीच्या पोटातून फुगा बाहेर आला होता. ओल्या स्लाइडच्या कडेने ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब सोडला, तेव्हा गोळे फुगले आणि एकेक करून नाहीसे झाले. ही चाचणी एकटी पुरेशी नव्हती, कारण लाल रक्तपेशीही पाण्यात फुटतात. पण त्या सात मायक्रोमीटरच्या आसपास असतात आणि त्यांना थोटूक नसते. केओएचमध्येही काही उरले नाही. यीस्ट दोन्हींत टिकले असते.

मेरोपेनेम ई. कोलायमध्ये सर्वांत आधी पीबीपी-२ ला धरते. परिघाच्या दिशेने चालणारे बांधकाम त्याने थांबते, दिशाहीन भर पडत राहते, भिंत दाबापुढे नमते आणि पेशी गोल होते. रुंदावलेल्या पेशीत विभाजनाचे कडेही नीट पुरे होत नाही. लघवी पाण्याइतकी पातळ नसते, तिच्यातील क्षार व युरियामुळे असे अर्धवट भिंतीचे गोळे काही काळ न फुटता तग धरतात. काचेवर साधे पाणी मिळताच ते फुटले.

एकाच रुग्णात, दोन दिवसांत, एकाच जिवाणूच्या दोन यंत्रणा आळीपाळीने बंद झालेल्या दिसाव्यात हे विरळाच. म्हणून पहिल्या नमुन्यातील ई. कोलायची डिस्क चाचणी वाचून झाल्यावर प्लेट टाकून न देता पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम आणि मेरोपेनेम या दोन डिस्कभोवतीच्या वर्तुळांच्या कडेवरून वाढ खरडून दोन स्लाइड केल्या. पहिलीवर तंतू, दुसरीवर गोळे व फुगलेल्या दांड्या, आणि डिस्कपासून दूरच्या वाढीत साधे दंडाणू. विभागातील ज्यांना अजून शंका होती त्यांच्यासाठी ही प्लेट पुरली.

निष्पत्ती

जिवाणू ईएसबीएल, म्हणजे पेनिसिलिनच्या कुळातील बरीच औषधे तोडणारे आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाने अडणारे विकर, तयार करणारा निघाला: सेफ्टाझिडिमच्या तुलनेत सेफ्टाझिडिम-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाच्या डिस्कभोवतीचे वर्तुळ ५ मिलिमीटरपेक्षा जास्त मोठे होते. मेरोपेनेमला तो संवेदनशील होता. दुसऱ्या नमुन्यातून वाढ आली नाही. ताप उतरला, रक्तदाब सावरला, क्रिएटिनिन हळूहळू खाली आले आणि प्रोस्टेटच्या पुढील उपचारांसाठी रुग्णाला मूत्ररोग विभागाकडे सोपवण्यात आले. बुरशीचे औषध एकदाही द्यावे लागले नाही.

वेगळे काय करता आले असते

दुसऱ्या नमुन्यातील गोळे मेलेले होते की भिंतीविना जगू शकणारे, हे तपासायचे राहून गेले. साध्या ब्रॉथमध्ये ते फुटतात, त्यामुळे ‘वाढ नाही’ याचा अर्थ ‘जिवंत नाही’ असा सरळ लावता येत नाही. वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या वृद्ध रुग्णांच्या लघवीत भिंतरहित जिवाणू, ज्यांना एल-रूप म्हणतात, सापडल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आहे, आणि भिंतीवर मारा करणारे औषध थांबल्यावर ते पुन्हा भिंत बांधून दांडीवर येऊ शकतात. सुक्रोज घालून परासरण (आतल्या-बाहेरच्या दाबाचा तोल) सांभाळलेले माध्यम बनवणे जिल्ह्याच्या ठिकाणीही अवघड नाही. रोज प्रत्येक नमुन्यासाठी ते करणे अव्यवहार्य आहे. पण असे गोळे दिसलेल्या नमुन्यापुरते करायला हवे होते.

तपासणीच्या अर्जावर चालू प्रतिजैविक आणि शेवटच्या मात्रेची वेळ असे दोन रकाने वाढवले गेले. ते बहुधा रिकामे येतात. रेफर केलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना मेडिकलचे बिल विचारण्याची सवय तंत्रज्ञांनी लावून घेतली, आणि रकान्यांपेक्षा तिचा उपयोग जास्त झाला आहे. पाळी बदलताना चमत्कारिक स्लाइडची माहिती तोंडी न देता नोंदवहीत लाल शाईने लिहिण्याचेही ठरले, कारण दुसऱ्या सकाळची ‘यीस्ट?’ ही नोंद केवळ निरोप न पोहोचल्यामुळे झाली होती.

एका मुद्द्यावर विभाग आणि वॉर्ड यांचे अजून एकमत नाही. रिपोर्टमध्ये ‘तंतुरूप’ किंवा ‘गोलाकार झालेले’ असे लिहावे का? वैद्यकीय पथकाला वाटते की त्यांना जिवाणूचे नाव आणि चालणारे औषध कळले की पुरे, बाकी शब्दांनी गोंधळ वाढतो. विभागातील काहींचे म्हणणे असे की तंतू दिसणे म्हणजे दिलेले औषध जिवाणूपर्यंत पोहोचले आहे पण मारायला पुरे पडत नाही, आणि ही खबर कल्चरच्या एक दिवस आधी हातात येते. सध्या लेखी रिपोर्टमध्ये ती ओळ जात नाही. फोनवर सांगितली जाते.